उष्णतेचे बिऱ्हाड

वैशाखातील माळव्याची दुपार आणि माळव्याची रात्र या एकाच आईच्या लेकी आहेत, हे परक्या माणसास सांगून पटावयाचे नाही. दुपारी चाळिशी ओलांडून गेलेला पारा रात्री असा उतरतो, की गच्चीवर अंथरूण टाकावे आणि पहाटे पायाशी चादर ओढून घ्यावी. पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात काढलेल्या आम्हां मराठी मंडळींना या दोघींचीही सवय आहे. दुपारी आम्ही खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावतो, माजघरात माठ भरून ठेवतो आणि सूर्य कलण्याची वाट पाहतो. परंतु गेली काही वर्षे आमच्या घरात असा एक सभासद आहे, की ज्याचा दाह ना माठाने शमतो, ना वाळ्याने. हा सभासद म्हणजे आमच्या चिरंजिवांचा संगणक.

चिरंजीव ॲनिमेशनचे काम करतात. काम पुण्याचे आणि बिऱ्हाड इंदूरचे, अशी आजच्या काळाने त्यांस सवलत दिली आहे. पडद्यावर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सरून जाणारे दृश्य तयार करण्यास यंत्र तासन्‌तास, कधी अष्टौप्रहर राबत असते, हे आम्हांस त्यांच्यामुळेच कळले. हे राबणे चालावयाचे आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील पत्र्याच्या खोलीत. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात त्या खोलीत यंत्राने असहकार पुकारला. आतील तापमान नव्वद अंशांच्या घरात गेले, की हे यंत्र जळू नये म्हणून आपली गती आपणच कमी करते. यंत्राचा हा शहाणपणा खरा, पण त्यापायी दोन कामे उशिरा गेली. पुण्याहून अत्यंत सौजन्यपूर्ण भाषेत विचारणा आली की, आपण इकडेच येऊन राहिलात तर सोयीचे होणार नाही काय?

त्या पत्रानंतर घरात कोणी काही बोलले नाही. परंतु मुले पुण्या-मुंबईकडे गेली आणि मागे दोन वृद्ध व एक कुलूपबंद खोली उरली, अशा घरांची आमच्या आळीतील यादी लांब आहे, आणि ती आम्हां उभयतांस तोंडपाठ आहे. आठ दिवसांनी चिरंजीव म्हणाले, "बाबा, यंत्र पाण्याने थंड ठेवण्याची सोय केली तर उन्हाळ्यातही काम चालेल. पण खर्च आहे." खर्च ५०,००० रुपयांच्या आसपास होता. भविष्य निर्वाह निधीतून तो काढता येण्याजोगा होता, म्हणून आम्ही होकार दिला. मात्र अट घातली. प्रत्येक वस्तू का घ्यावयाची, ते आम्हांस समजेल अशा मराठीत सांगावयाचे. मराठीच्या एम. ए. बापास पटवून देणे हे विक्रेत्यास पटवून देण्यापेक्षा कठीण, हे चिरंजिवांस ठाऊक होते. तरी त्यांनी अट मान्य केली.

ही रचना ऐकावयास सोपी आहे. संगणकात उष्णता निर्माण करणारे दोन मुख्य भाग: एक त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर आणि दुसरे चित्रांचे काम करणारे ग्राफिक्स कार्ड. या दोहोंवर आतून बारीक खाचा पाडलेले तांब्याचे ठोकळे बसवावयाचे. एक छोटा पंप त्या ठोकळ्यांतून पाणी फिरवितो. तापलेले पाणी नळीवाटे रेडिएटरमध्ये जाते. तेथे ते चपट्या नळ्यांतून वाहते. त्या नळ्यांच्या मधोमध चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे तांब्याचे नागमोडी पापुद्रे असतात आणि त्यांच्यातून पंखे वारा काढतात. निवालेले पाणी पुन्हा ठोकळ्यांकडे परतते. मोठ्या संगणकांना ही युक्ती नवी नाही. आय.बी.एम. कंपनीने १९६० च्या दशकातच आपल्या काही अजस्र संगणकांना पाण्याने थंड ठेवले होते आणि १९८५ साली आलेला 'क्रे-२' हा महासंगणक तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवात सर्वांगाने बुडालेला असे. तेव्हा चिरंजिवांची कल्पना अगदीच अद्भुत नव्हती.

येथे आमच्यातील शिक्षक जागा झाला. 'रेडिएटर' हे नावच मुळी फसवे आहे. उष्णता प्रवास करते ती तीन वाटांनी. आमच्या शाळेतील हिंदी पुस्तकात त्यांना चालन, संवहन आणि विकिरण म्हणतात. आमच्या मावसभावांच्या मुलांनी महाराष्ट्रात शिकलेली नावे वहन, अभिसरण आणि प्रारण. रेडिएटर हे नाव प्रारणावरून पडले. पण या वस्तूतून उष्णता जाते ती बव्हंशी वाहत्या वाऱ्याबरोबर, म्हणजे अभिसरणाने. नावातील ही चूक ध्यानी आली आणि निवडीचे पहिले सूत्र आम्हांस आपोआप सापडले. ही तांब्याची खरेदी नसून वाऱ्याची खरेदी आहे!

दुसरे सूत्र चिरंजिवांनी सांगितले. "बाबा, रेडिएटर उष्णता नाहीशी करत नाही. तो तिला फक्त यंत्रातून काढून खोलीत सोडतो." म्हणजे उष्णतेचे बिऱ्हाड बदलते, ती संपत नाही. आम्ही मान डोलावली. या वाक्याचे खरे मोल मात्र आम्हांस पुढे कळावयाचे होते.

मग प्रश्न आला तो आकाराचा. रेडिएटर पंख्यांच्या मापाने ओळखतात. एक पंखा १२० मिलिमीटरचा. दोन पंख्यांचा रेडिएटर २४० चा, तीन पंख्यांचा ३६० चा. १४० मिलिमीटरच्या पंख्यांचे निराळे घराणे आहे, त्यात २८० आणि ४२० येतात. क्षेत्रफळाचा गुणाकार करून पाहिला, तेव्हा २८० चा रेडिएटर ३६० च्या जवळपास भरतो असे दिसले. पेटीत लांबी कमी आणि रुंदी अधिक असेल तर हा मार्ग बरा. येथे नावावर विसंबू नये. ३६० चा म्हणून घेतलेला रेडिएटर दोन्ही टोकांच्या पाण्याच्या कप्प्यांसह ४०० मिलिमीटरपर्यंत भरतो. जाडीचेही तसेच. रेडिएटर ३० मिलिमीटरचा असला, तरी त्यावर २५ मिलिमीटरचा पंखा चढतो आणि एकूण ५५ होतात. सौ.च्या शिवणाच्या डब्यातील टेप घेऊन आम्ही पेटी तीनदा मोजली.

आता किती पंख्यांचा घ्यावा? चिरंजिवांच्या यंत्राचे दोन्ही भाग पूर्ण राबतात तेव्हा मिळून सुमारे ५०० वॅट उष्णता बाहेर पडते. घरगुती इस्त्री १,००० वॅटची असते, म्हणजे अर्धी इस्त्री रात्रंदिवस चालू! जाणकारांचा ढोबळ हिशेब असा, की मध्यम गतीच्या पंख्याने १२० मिलिमीटरचा एक भाग साधारण १०० वॅट उष्णता काढून टाकतो, तेव्हा पाणी खोलीच्या हवेपेक्षा १० अंश अधिक तापलेले असते. दोनच भागांवर ५०० वॅट लादले, तर प्रत्येकावर २५० वॅट आणि पाणी खोलीपेक्षा २५ अंश वर. सहा भागांवर वाटले, तर प्रत्येकी ८३ वॅट आणि पाणी केवळ ८ अंश वर. तेव्हा तीन-तीन पंख्यांचे दोन रेडिएटर ठरले. शाळेच्या वेळापत्रकाच्या मागे केलेला हा त्रैराशिकाचा हिशेब आम्ही अजून जपून ठेवला आहे.

जाडी वाढविल्यास भाग कमी लागतील काय, असे आम्ही विचारले. उत्तर असे मिळाले, की ६० मिलिमीटरचा जाड रेडिएटर ३० मिलिमीटरच्या दुप्पट काम करीत नाही. वारा आत शिरताच तापू लागतो आणि पलीकडच्या पापुद्र्यांपाशी पोहोचेपर्यंत त्याची भूक निम्मी भागलेली असते. पापुद्र्यांच्या दाटीचेही असेच. इंचामागे ८ ते १२ पापुद्रे असतील तर मंद पंख्याचा वाराही आरपार जातो. १६-२० च्या पुढे गेलो की जोराचा पंखा हवा, आणि जोराच्या पंख्याबरोबर त्याचा घरघराटही पदरी पडतो. आमच्या शहराने २०१७ साली स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक पटकाविला, याचा आम्हांस अभिमान आहे. तथापि वैशाखातील धूळ असल्या निकालांना जुमानत नाही. दाट पापुद्र्यांत ती नमद्यासारखी बसते. म्हणून विरळ पापुद्र्यांचाच रेडिएटर घ्यावा असे ठरले.

याच सुमारास शेजारच्या एका हितचिंतकाने सुचविले, की एवढा खर्च कशाला? मोटारीचा जुना रेडिएटर बसवा. आमच्या मितव्ययी मनाला हे पटले आणि आम्ही चिरंजिवांसह रेडिएटर झाळणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी प्रथम हसून घेतले. नंतर एक जुना रेडिएटर उजेडाकडे धरून म्हणाले, "मास्टरसाब, सामने से नहीं, आर-पार देखो. उजाला नहीं दिखा, तो हवा भी नहीं निकलेगी." वीस शब्दांहून कमी शब्दांत त्यांनी आमचे वाऱ्याचे सूत्र सांगून टाकले. आजच्या मोटारींचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात, पितळ-तांब्याचे जुन्या ट्रकांतच काय ते सापडतात, हेही त्यांनीच सांगितले.

या धातुभेदाची गोष्ट महत्त्वाची आहे. लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून वीज निर्माण करण्याचा प्रयोग आमच्या शाळेत दरवर्षी होतो. तोच प्रयोग संगणकात नकळत होऊ शकतो. ठोकळे तांब्याचे आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असला, तर एकाच पाण्यात या दोन धातूंचा घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम हळूहळू झिजत जाते. बाजारात मिळणाऱ्या बंद तयार संचांत हे दोन धातू एकत्र असतात खरे. पण त्यांत कारखान्यातच गंजरोधक द्रव भरून तोंड बंद केलेले असते. आपल्या हातांनी जोडावयाच्या रचनेत असे धाडस करू नये. पापुद्रे तांब्याचे आणि नळ्या व कप्पे पितळेचे असेच रेडिएटर घ्यावेत, आणि पाणी नळाचे न घालता ऊर्ध्वपातित, त्यातही गंज व शेवाळ रोखणारे औषध मिसळलेले. चिंचेने तांब्या-पितळेची भांडी घासणाऱ्या गृहिणींस हा धातूंचा स्वभाव आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आमच्या मनात आणखी एक शंका होती. माठातले पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होते, मग रेडिएटरमधले का होऊ नये? चिरंजीव म्हणाले, "माठ पाझरतो, बाबा. पाझरलेले पाणी वाफ होताना उरलेल्याची उष्णता घेऊन जाते. रेडिएटर पाझरला तर आपले दिवाळे निघेल." म्हणजे खोलीची हवा ही रेडिएटरची लक्ष्मणरेषा आहे. तिच्याखाली तो पाणी नेऊ शकत नाही. मग त्यात बर्फ टाकावा काय? "बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून जे दव सुटते, ते विजेच्या तारांवर सुटेल." आम्ही निरुत्तर झालो, विद्यार्थी बरोबर उत्तर देऊ लागला म्हणजे शिक्षकास जसा आनंद व्हावा, तसा आनंदही झाला.

आणि याच लक्ष्मणरेषेपाशी आमच्या हिशेबाला ठेच लागली. मे महिन्याच्या एका दुपारी आम्ही शाळेतील तापमापक आणून वरच्या पत्र्याच्या खोलीत टांगला. पारा ४४ वर थांबला. सहा भागांचे रेडिएटर लावले तरी पाणी ४४ अधिक ८, म्हणजे ५२ अंशांवर राहणार. पंपास पाणी ६० अंशांच्या आत हवे, असे त्याचा निर्माता बजावतो. यंत्र चालले असते, पण हाताशी फारसे काही उरले नसते. भाग दुप्पट करून बारा केले तर? उष्णता आणखी पातळ वाटली जाईल आणि पाणी खोलीपेक्षा केवळ ४ अंश वर राहील, म्हणजे ४८. दुप्पट पैसे ओतून मिळणार चार अंश.

मग तोच तापमापक आम्ही खालच्या मागच्या खोलीत नेला. ही खोली आमच्या वडिलांनी बांधलेली. दोन फुटी भिंती, शहाबादी फरशी, उत्तरेची खिडकी. तेथे पारा ३४ वर होता. रेडिएटर तेच ठेवून यंत्र येथे आणले, तर पाणी ४२ अंशांवर. रेडिएटर दुप्पट केल्याने चार अंश, आणि खोली बदलल्याने दहा!

हा हिशेब चिरंजिवांनी आमच्या आधीच केला असावा. परंतु ते बोलले नाहीत. कारण ती खोली आमच्या पुस्तकांची आहे. आमची सत्तावीस वर्षांची टाचणे, दिवाळी अंकांच्या चळती, वडिलांचे लिहिण्याचे मेज, सारे तेथेच. या सदरातील प्रत्येक ओळ त्याच मेजावर लिहिली गेली. निवृत्तीनंतर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेथेच बसावयाचे, असा आम्ही मनाशी संकल्प केला होता.

दोन दिवस आम्हीही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना सौ. म्हणाल्या, "अहो, पुस्तकांना यंत्राचा आवाज ऐकू येतो का हो?" त्यांच्या विनोदातील मर्म आम्हांस कळले. पुस्तके जागीच राहिली. मेज मात्र ओसरीवर आले. जागा बदलली ती आमची. उष्णतेला बिऱ्हाड बदलावयास लावणारा माणूस स्वतःचे मेज चार खण हलवू शकत नाही, तर त्याचा त्रैराशिकाचा अभ्यास काय कामाचा?

जोडणीचे काम दोन रविवार चालले. नव्या रेडिएटरच्या पोटात झाळकामाचा मळ राहिलेला असतो, म्हणून प्रथम कोमट पाण्याने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने तो स्वच्छ हिसळून घ्यावा लागतो. हे काम सौ.नी आपल्याकडे घेतले, आणि पाणी काचेच्या पेल्यात निवळ दिसेपर्यंत कोणास हात लावू दिला नाही. पंखे कसताना स्क्रू किंचितही लांब झाला, तर तो थेट आतील नळीत शिरतो. रेडिएटर निकामी होण्याचा हा ठरलेला प्रकार असल्याने प्रत्येक स्क्रू आम्ही आधी जाडीशी ताडून पाहिला. दोन्ही रेडिएटरांना खोलीची ताजी हवा मिळेल असे पंखे फिरविले, कारण एकाचा तापलेला श्वास दुसऱ्यास देण्यात अर्थ नाही. पाणी आधी कोणाकडे जावे, याचा मात्र फार घोळ घालू नये. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर एका फेरीत ते दोन अंशही तापत नाही. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसविला. नाही तर अर्ध्या इस्त्रीने ती छोटी खोलीही पत्र्याच्या खोलीसारखी केली असती. शेवटी विजेची जोडणी करण्यापूर्वी नळ्यांत हवा भरून दाब टिकतो की नाही ते पाहिले, आणि मगच पाणी ओतले.

यंदाच्या मे महिन्यात दुपारी पाणी बहुधा ४२-४३ अंशांवर राहिले. कूलर चालू असताना तेही उतरे. सर्वांत जड काम चिरंजीव रात्री लावू लागले, कारण माळव्याच्या रात्रीइतका स्वस्त आणि गार वारा कोठेही विकत मिळत नाही. महिन्यातून एकदा मऊ कुंचल्याने पापुद्रे झाडण्याचे काम आमच्याकडे आहे. झाडून झाले की आम्ही रेडिएटर उजेडासमोर धरून आरपार पाहिल्यासारखे बॅटरी लावून पाहतो आणि मिस्त्रींचे स्मरण करतो.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज एखादा मुलगा अथवा मुलगी असे यंत्र मागत असेल. त्यास आमचा अनुभव इतकाच सांगावा. रंगीत दिव्यांना भुलू नका. वॅट मोजा, पेटी मोजा, धातू एकच ठेवा, पापुद्रे विरळ घ्या. परंतु या सर्वांच्या आधी, यंत्र जेथे ठेवावयाचे त्या खोलीत भर दुपारी तापमापक टांगा. रेडिएटर विकत मिळतो, पण त्याला लागणारी गार जागा घरातील कोणी तरी द्यावी लागते.

पुण्याचा विषय यंदा निघाला नाही. पुढील वर्षी निघणारच नाही असे कोणी सांगावे? यंत्र थंड राहिले म्हणून मुले घरी राहतातच असे नाही, हे आम्हांसही कळते. तूर्त ओसरीवर आमचे मेज छान रुळले आहे. जाणारा-येणारा हाक मारतो, सौ. तेथेच भाजी निवडीत बसतात आणि पुस्तक हवे असेल तेव्हा आम्ही दार लोटून आत जातो. पौषात मात्र माळव्याची थंडी ओसरीवर फार झोंबते. तेव्हा खिडकीतला पंखा बंद करून, खुर्ची त्या यंत्राजवळ ओढावी आणि त्याच्यातून येणाऱ्या उबेकडे पाय करून बसावे, असे आम्ही ठरविले आहे. आमच्या खोलीचे भाडे तेवढे त्याने द्यावयास हरकत नसावी.